पट्ट्यांमधला स्वर : आडवळणाचे जॅझ-पियानोवादन आणि मुंबईतील संकर

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवरून हार्मोनियम हद्दपार झाली. या निर्णयामागे तत्कालीन नियंत्रक लायोनेल फील्डन यांचा आग्रह होता, आणि त्यास वैचारिक पाठबळ जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराच्या लिखाणाचे होते. आक्षेप असा की, या वाद्याच्या पट्ट्या एकदा जुळविल्या म्हणजे कायमच्या. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्यास ठाऊक नाही. सबब मींड नाही, आंदोलन नाही, श्रुती नाही. संगतीपुरती ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. (फोल्ड्स स्वतः बंदी अमलात येण्यापूर्वीच, १९३९ च्या एप्रिलमध्ये, कलकत्त्यास पटकीने वारले.)

प्रस्तुत लेखाचा विषय हार्मोनियम नव्हे, पियानो आहे; आणि तोही युरोपच्या अभिजात परंपरेतला नव्हे, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडविलेल्या जॅझ संगीतातला. तथापि आरंभ हार्मोनियमच्या बंदीपासून करण्याचे कारण असे की, जो दोष आपल्याकडे वाद्यास बहिष्कृत करण्यास पुरेसा ठरला, नेमका तोच दोष न्यूयॉर्कमधील काही पियानोवादकांपुढे त्याच दशकात उभा होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर अगदी निराळ्या रीतीने दिले. त्या उत्तराचा मुंबईशी, आणि मुंबईच्या द्वारे मराठी माणसाशी, काय संबंध आला हे येथे पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, संगीतशास्त्रज्ञ नव्हे. त्यामुळे विवेचनात भाषेचे दाखले वारंवार येतील, याची वाचकांनी आधीच नोंद घ्यावी.

वाद्याचा दोष वाद्यातच सुधारावा हा मार्ग प्रथम महाराष्ट्रातच चोखाळला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील न्यायखात्यात असलेले ई. क्लेमंट्स हे त्यांचे सहकारी. या दोघांच्या प्रयत्नातून श्रुति-हार्मोनियम तयार झाली. सप्तकाचे १२०० सेंट असे सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ व्या भागावर येतो. पियानोचा व साध्या पेटीचा ४०० वर. हे १४ भागांचे अंतर कानास खुपते, आणि ते मिटविण्यासाठी अधिक पट्ट्या, अधिक सूर, हा देवल-क्लेमंट्स यांचा उपाय. १९१६ च्या बडोदा येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या मतावर बरेच वादंग झाले. पंडित भातखंडे यांना ते मान्य झाले नाही. पुढे हे वाद्य कुतूहलाची वस्तू म्हणून उरले.

याउलट गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी वाद्य होते तसेच ठेवून हात बदलला. जालन्याकडील अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांच्या संगतीत हीच गोष्ट परिणत स्वरूपात आढळते. गवई मींड घेतो तेव्हा पेटीवाला ती घेऊ शकत नाही. परंतु तो मधल्या सुरांना निसटता स्पर्श करतो, भात्याचा दाब किंचित सैल सोडतो, ज्या सुरावर पोचावयाचे त्याचा कण आधीच लावतो, आणि श्रोत्याचा कान उरलेले काम स्वतः करतो. पट्टी मींड दाखवीत नाही. मींडेची आठवण करून देते. नायगाव तालुक्यातील कोणत्याही गावी एकादशीच्या भजनास बसावे. काळी एक की पांढरी चार याची कुजबुज होते, पेटी सुरू होते, आणि हा व्यवहार काहीही शास्त्र न सांगता चालू असतो.

आता पियानोकडे वळू. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लूज या गानप्रकारात गंधार व निषाद हे स्वर शुद्धही नसतात आणि कोमलही नसतात. गायक त्यांस दोहोंच्या मधे कोठेतरी धरतो व हलवितो. आपल्या दरबारी कानड्यातील आंदोलित अतिकोमल गंधार आणि हा गंधार एकच, असे जे कधी कधी उत्साहाच्या भरात म्हटले जाते ते बरोबर नाही. दरबारीचा गंधार कोमलाच्याही खाली उतरतो, ब्लूजचा कोमलाच्या वर रेंगाळतो. परंतु पट्टीच्या वाद्यापुढे दोघेही सारखीच अडचण उभी करतात. ट्रंपेटवाला ओठाने सूर वाकवितो, गिटारवाला तार ओढतो. पियानोवाल्याने काय करावे?

पहिल्या पिढीतील पियानोवादकांनी हा प्रश्न बाजूस सारून लय आणि भरघोसपणा यांवर भर दिला. डावा हात खालचा सूर व मधला स्वरमेळ यांमध्ये पावले टाकीत जातो, उजवा वर नक्षी काढतो. ही ती चाल. या चालीतील एक श्रेष्ठ वादक टेडी वेदरफोर्ड (१९०३–१९४५) आपल्या देशी येऊन राहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या स्मरणात नाही. शिकागोत तो अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवीत असे. १९२६ मध्ये तो आशियाकडे निघाला तो शांघायमार्गे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोचला. ताजमध्ये त्यापूर्वीच, १९३५ साली, लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद येऊन गेला होता. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तेथेच पटकीने मृत्यू पावला. हार्मोनियमचा वैरी फोल्ड्स आणि पियानोचा हा बादशहा, दोघांचाही अंत एका शहरात, एकाच महिन्यात व एकाच रोगाने व्हावा, हा केवळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही.

ज्याने पियानोचा प्रश्न अंगावर घेतला तो थेलोनियस मंक (१९१७–१९८२). त्याचे वादन प्रथम ऐकणारास वाटते की, याची बोटे चुकत आहेत. बोटे वाकवून ठेवण्याच्या शिस्तीऐवजी तो ती सरळ व सपाट ठेवून पट्ट्यांवर आपटतो. अपेक्षित ठिकाणी सूर देत नाही. मधेच इतका थांबतो की लय सुटली असे वाटावे. १९४७ पासून त्याच्या स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, परंतु दहा वर्षे त्यास पुरेसा मान मिळाला नाही. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मद्यगृहांत वाजविण्याचा त्याचा परवानाच काढून घेण्यात आला. १९५७ मध्ये तो परत मिळाल्यावर फाइव्ह स्पॉट या ठिकाणी जॉन कोल्ट्रेनसह त्याचे कार्यक्रम झाले, आणि मग त्याच्या 'चुकां'ना शैली म्हणण्याची पद्धत पडली.

त्यातील एक 'चूक' येथे तपासण्याजोगी आहे. मंक दोन लगतच्या पट्ट्या, उदाहरणार्थ कोमल व शुद्ध गंधार, एकदम दाबतो आणि त्यांतील एक लगेच सोडतो. कानास प्रथम कर्कश टक्कर ऐकू येते व तीतून एक सूर निथळून राहतो. तो सूर पियानोचाच असतो. मात्र तो वाकून आला असा भास होतो. म्हणजे जो स्वर वाद्यात नाही तो त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या भांडणातून सूचित केला जातो.

भाषेत असे रोज घडते. देवनागरीत 'ज' हे अक्षर एकच. परंतु मराठीत त्याचे उच्चार दोन. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एक उच्चार घेतो आणि 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी दुसरा. लिपीने भेद दाखविला नाही म्हणून कोणी मराठी वाचक अडत नाही. वाक्याच्या संदर्भाने तो योग्य ध्वनी पुरवितो. लिपी अपुरी आहे ही गोष्ट खरी. पण म्हणून मराठी देवनागरीत लिहू नये असा हुकूम कोणी काढला नाही. फील्डन-फोल्ड्स यांची भूमिका मात्र याच जातीची होती. त्यांनी वाद्यास उच्चार समजून दोष दिला. वास्तविक पट्टीचे वाद्य ही एक लिपी आहे. टेंबे व जळगावकर यांनी ती जाणत्या वाचकासाठी लिहिली. मंकने ती इतक्या आडवळणाने लिहिली की वाचकास थांबून विचार करावा लागला, हा फरक. सेसिल टेलर (१९२९–२०१८) हा त्यापुढची पायरी. त्याच्या पियानोला ८८ सुरांत लावलेले ढोल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तेथे सुराचा प्रश्नच मागे पडतो व आघात उरतो. टेलरचे वादन सलग ऐकणे प्रस्तुत लेखकास अद्याप जड जाते. परंतु तबल्याचा पेशकार मन लावून ऐकणाऱ्या श्रोत्यास ते अगदीच परके वाटणार नाही.

मुंबईत या काळात काय चालले होते? १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील नाचगाण्यास उतरती कळा लागली आणि गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७), हे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर तथा सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांचे साहाय्यक झाले. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात तर ते आपल्या वृंदासह पडद्यावर दिसतात. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गाण्यातील निरर्थक अक्षरे जॅझमधल्या तशाच अर्थहीन गायनावरून आली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु तराण्यात वाढलेल्या कानास ती परकी वाटली नाहीत, हेही लक्षात घ्यावयास हवे.

या देवघेवीस अनेक जण उसनवारी म्हणतात. उसनवारीचे मोजमाप भाषाशास्त्रात होऊ शकते. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. आज तो 'बटाट्याचा', 'बटाट्यात' असे सामान्यरूप घेतो. आतून बदलल्याशिवाय त्यास मराठीचा विभक्तिप्रत्यय लागत नाही, म्हणजे तो घरचा झाला. 'पियानो' हा शब्द 'पियानोचा', 'पियानोत' असा तसाच्या तसाच राहतो. तो अजून ओसरीवर आहे. संगीतातील आयातीसही हीच कसोटी लावावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते : आलेल्या वस्तूने सामान्यरूप घेतले काय? सी. रामचंद्रांच्या चालींत ट्रंपेटचे तुकडे ओळींच्या मधे इतके मुरले आहेत की, ते काढले तर चालच लंगडी पडते. त्यांनी सामान्यरूप घेतले आहे. त्याच काळातील पुष्कळशा नकलांनी घेतले नाही, आणि त्या विसरल्या गेल्या.

१९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांस दौऱ्यावर धाडले. या दौऱ्यात ते मुंबईस आले असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वादनास बसले. ब्रूबेक हे मंकच्या अगदी उलट प्रकृतीचे : ठोकळेबंद स्वरमेळ, जड हात, हिशेबी मन. परंतु त्याच हिशेबी मनामुळे असेल, प्रवासात कानी पडलेल्या विषम मात्रांच्या चालींनी त्यांस पछाडले. १९५९ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतील नऊ मात्रांची रचना तुर्कस्तानात ऐकलेल्या लयीवर आधारलेली आहे. पाच मात्रांची प्रसिद्ध रचना त्यांचे सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची. अमेरिकन श्रोत्यास पाच मात्रा म्हणजे नवलाई. झपतालाच्या दोन-तीन, दोन-तीन अशा विभागणीत रमलेल्यास नवल एवढेच वाटते की, येथे तीन आधी आणि दोन मागाहून येतात. ड्यूक एलिंग्टनही १९६३ मध्ये भारतात येऊन गेले. त्यांच्या व बिली स्ट्रेहॉर्नच्या त्यानंतरच्या रचनामालेत दिल्लीची एक साळुंकी शीळ घालते. तेथे भारत हे निसर्गचित्र आहे, व्याकरण नव्हे.

शब्दांची देवघेव एक, व्याकरणाची दुसरी. या भेदाचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड व उर्दू शतकानुशतके एकत्र नांदतात. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, तेथील या भाषांचे शब्द निरनिराळे राहिले, पण वाक्यरचना इतकी एकसारखी झाली की, एका भाषेतील वाक्य पदास पद ठेवून दुसरीत उतरविता येते. आमच्या नायगाव-बिलोली-देगलूर पट्ट्यात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू यांचा शेजार आहे, आणि बाजारच्या दिवशी कान उघडे ठेवले तर हीच प्रक्रिया कमीअधिक प्रमाणात ऐकू येते. बोलणारा कोणाची नक्कल करीत नसतो. आपापले शब्द राखून एका वळणाने बोलत असतो.

या कसोटीवर दोन ध्वनिमुद्रिका तोलून पाहण्यासारख्या आहेत, कारण दोहोंत तबल्यावर मुंबईचे केशव साठे हेच आहेत. पहिली १९६६ ची 'इंडो-जॅझ सूट'. कलकत्त्याचे जॉन मेयर यांची रचना, जमेकाचे जो हॅरियट यांचा सॅक्सोफोन, दिवाण मोतीहार यांची सतार, पॅट स्माइथ यांचा पियानो. चार भागांपैकी एक मेघ रागावर व एक गौडसारंगावर. मेयर यांनी रागाचे स्वर मांडून दिले, परंतु मेघाचे मर्म स्वरांच्या यादीत नसून मध्यमाचा कण घेऊन झुलणाऱ्या रिषभात आहे. गौडसारंगाचे त्याच्या वक्र चालीत. पियानोस यादी मिळाली, चाल मिळाली नाही. स्माइथ हे समंजस वादक असल्याने ते बहुधा मागे राहतात. शब्द शेजारी शेजारी बसले, वाक्य एक झाले नाही. तरीही आरंभाचे काम म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

दुसरी १९६७ ची, जर्मन समीक्षक योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांनी काढलेली 'जॅझ मीट्स इंडिया'. येथेही मोतीहार व साठे आहेत; पियानोवर मात्र स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइत्झर (१९४१–२०२४). त्या वेळी त्यांचे वय सव्वीस, आणि वादन मुक्त शैलीचे. सतारीच्या स्वरांची नक्कल करण्याच्या फंदात त्या पडत नाहीत. त्या पट्ट्यांचे पुंजके वाजवितात, थांबतात, तबल्याच्या बोलांस आघातांनी उत्तर देतात. आणि साठे यांचा ठेका आपले आवर्तन न मोडता त्यांस जागा करून देतो. एक सूर मोकळा सोडतो, दुसरा लय बांधून धरतो. पण समेकडे येण्याची ओढ दोघांचीही एक. कुपवाडच्या वाक्यासारखे काहीतरी येथे घडताना ऐकू येते. पुढील आयुष्यात श्वाइत्झर यांनी निरनिराळ्या ढोलवादकांबरोबर दोघांपुरत्या मैफलींची मालिकाच केली. त्याचे श्रेय साठे यांच्या तबल्यास देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पण युरोपातील अशा आडवळणी पियानोवादनाच्या प्रारंभकाळात एक मराठी तबलजी उपस्थित होता, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात एका ओळीचीही धनी होऊ नये, याची खंत वाटते.

यानंतर 'फ्यूजन' हा शब्द रूढ झाला. सर्वांत गाजलेला संच म्हणजे जॉन मॅक्लॉग्लिन यांचा 'शक्ती'. त्यात मुंबईचे झाकीर हुसेन (१९५१–२०२४) व व्हायोलिनवर एल. शंकर होते, पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ ची. त्या संचात पियानो नव्हताच. मॅक्लॉग्लिन यांनी गिटारच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरून घेतले होते, जेणेकरून तार दाबून मींड काढता यावी. म्हणजे हा पुन्हा देवल-क्लेमंट्स यांचाच मार्ग, आणि गिटारवर तो यशस्वी झाला. मुंबईत १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली 'जॅझ यात्रा' रंगभवनात भरली. तीत सनी रोलिन्ससारखे वादक आले. दार्जिलिंगचे लुई बँक्स (जन्म १९४१) त्याच सुमारास कलकत्त्याहून मुंबईस आले आणि गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासमवेत भारतीय जॅझचे प्रयोग करू लागले. बँक्स यांचा हात सफाईदार. मंकची खडबड त्यात नाही. त्यांचे सर्वांत परिचित काम जॅझ म्हणून कोणी ओळखीतही नाही : १९८८ चे 'मिले सुर मेरा तुम्हारा'. चालीत त्यांच्यासोबत अशोक पत्की होते, आरंभी पंडित भीमसेन जोशी यांचा भैरवीतला स्वर. आणि बँक्स यांची स्वरमेळांची मांडणी त्या भैरवीस कोठेही धक्का न लावता खालून वाहते.

'संकर' हा शब्द आपल्याकडे गीतेच्या काळापासून दूषणार्थी आहे. पण मराठवाड्यातील शेतकरी संकरित ज्वारी व 'नांदेड ४४' कापूस पेरताना त्यात दूषण मानीत नाही. तो वाण पाहतो.

अलीकडे इंग्लंडमधील जेफ स्मिथ यांनी असा एक पियानो सिद्ध केला आहे की, ज्याचा प्रत्येक सूर वाजविता वाजविता चढविता-उतरविता येतो. उत्सव लाल यांनी २०१६ मध्ये त्यावर राग वाजवून ध्वनिमुद्रित केले. क्लेमंट्स यांस तो पाहावयास आवडला असता. याउलट अमेरिकेतील विजय अय्यर, ज्यांच्यावर मंकचा प्रभाव उघड आहे, साधाच पियानो वाजवितात. 'तीर्थ' (२०११) या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत तबल्यावर हैदराबादचे नितीन मित्ता आहेत.

आपल्या परिसरापुरते एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे. नायगाव, बिलोली, देगलूर, कंधार या भागांतील भजनी मंडळांच्या जुन्या पेट्या कारागिरांनी सूर घासून कानाने लावलेल्या आहेत. त्या यंत्राच्या समान बारा भागांशी तंतोतंत जुळत नाहीत. गावोगाव त्यांची जागा आता विजेवरील कीबोर्ड घेत आहे. या पेट्यांचे सूर मोजून, आणि वयोवृद्ध पेटीवाल्यांचे वादन गायनाच्या संगतीसह ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर कोणता गंधार कोणत्या प्रसंगी कसा सूचित केला जातो याचा तक्ता तयार होईल. बोलींच्या सर्वेक्षणासाठी जी साधने लागतात तीच यासाठीही पुरेशी आहेत, आणि येत्या चातुर्मासात, भजनाचे सप्ताह गावोगाव बसतील तेव्हा, हे काम सुरू करता येईल.